साखरेची बाटली

पडद्यावर गुंडाने लेडी डिटेक्टिव्हच्या डोक्यात बाटली फोडली आणि कॉलेजच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. कपाळावरून रक्त ओघळत असतानाच तिने गुंडाला उचलून टोमॅटोच्या गाडीवर आपटलं. पोरं हसून हसून लोळली.

ते रक्त खरं होतं. या स्वस्तातल्या सिनेमात सेटवरचं सामान मी सांभाळायचो. डोक्यात फोडायच्या बाटल्या आम्ही साखरेच्या पाकाच्या करायचो, म्हणजे लागत नाही. शेवटची माझ्या हातून पडून फुटली. डायरेक्टर हाकलून देईल या भीतीने मी तिच्या जागी काचेची ठेवली आणि गप्प राहिलो. कपाळाला सात टाके पडले. बाटली बदलली कशी, हे कुणालाच कळलं नाही.

तेव्हा डिटेक्टिव्ह झालेल्या शालनताई आज, पंचवीस वर्षांनी, माझ्या शेजारच्याच खुर्चीत होत्या. भुवईवरचा व्रण दिसला आणि मला राहवेना.

"ताई, ती बाटली मी बदलली होती."

"ठाऊक आहे," त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या. "साखरेच्या बाटल्यांना कायम मुंग्या असायच्या. तिला एकही नव्हती."

"मग शूटिंग थांबवलंत का नाही?"

"तू समोरच उभा होतास. वाटलं, सांगशील."