एक ओरखडा

मुलगा घर कायमचं सोडून चालला होता. त्याच्या जुन्या मोटारसायकलच्या फोर्कमधून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांमधून, तेल गळत होतं, म्हणून मी अंगणात नवी रबरी सीलं बसवायला घेतली. शेजारी त्याची सात वर्षांची लेक बसली होती. “आजोबा, रबर एवढं जपून का धरता?” “एवढासा ओरखडा आला तरी तेल गळतं बाळा.” “मग?” “मग बसा पुन्हा सगळं खोलत, आणखी एक दिवस!” मी फडकं आणायला आत गेलो, परत येऊन सीलं बसवून फोर्क जोडले. संध्याकाळी मुलगा बॅग घेऊन आला. त्याने हँडल दोनदा दाबलं. डाव्या फोर्कवर तेलाचं कडं उमटलं. नातीच्या मुठीत माझा बारका स्क्रूड्रायव्हर होता. “बाबा, आता आणखी एक दिवस ना?” त्याने तेल बोटाने पुसलं, किक मारली. गाडी कोपऱ्यावरून वळली. “आजोबा, तेल गळतंय, तरी गाडी कशी गेली?” एवढंच मी शिकवलं नव्हतं.