फोटोखालची ओळ

टेसाची आई जिथे शिकली, त्या ओहायोतल्या कॉलेजने मुलींच्या सॉकर संघाचा इतिहास छापायला घेतला, तेव्हा आईला जाऊन पाच महिने झाले होते. टेसाकडे आलेल्या मसुद्यात आईचा एकच फोटो होता: चुन्याची गाडी ढकलत ती मैदान आखत होती. खाली ओळ होती, ‘मदतनीस, १९७८.’

टेसा थेट संपादक हेन्स्लींकडे गेली. "मदतनीस नाही, कॅप्टन. मुलींना मैदान कोणी आखून देत नसे, म्हणून त्या स्वतः आखायच्या."

हेन्स्ली अदबीने म्हणाले, "अहो, संघाला मान्यता मिळाली शहाऐंशी साली. त्याआधी संघच नव्हता, मग कॅप्टन कशाची?"

"मग मैदान काय कोंबड्यांसाठी आखत होती?"

हेन्स्लींनी फोटो जवळ ओढला. "तुमचं बरोबर आहे. मदतनीस म्हणणं चूकच. मी स्वतः दुरुस्त करतो."

सप्टेंबरात पुस्तिका टपालाने घरी आली. सोबत हेन्स्लींची चिठ्ठी होती: ‘चूक लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार.’

टेसाने पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, मग पुन्हा एकदा चाळली. चूक काढून टाकली होती, फोटोसकट.