तळाचा लोटा

खुशालरावानं पाठीवर हवेची टाकी चढवली आणि कमरेची पानाची चंची सोडून बायकोच्या, लीलाबाईच्या हातात दिली.

"सांभाळून ठेवजो. वर आल्यावर खाईन."

सकाळपासून त्यानं पान तोंडात घातलं नव्हतं. हवेची रबरी नळी दातांत धरायची, तेव्हा तोंड स्वच्छ हवं, असं चिंतामणनं बजावलं होतं. पानावाचून खुशालरावाची सकाळ जाते म्हणजे गोष्ट साधी नव्हती, हे लीलाबाईनं तेव्हाच ओळखलं होतं.

चिंतामण हा त्याचा अमरावतीच्या शाळेतला दोस्त, राजापेठेतल्या वकिलाचा मुलगा. कोचीला नौदलात पाणबुड्या होता. आता नोकरी सोडून शिडाच्या बोटीतून लखदीव बेटं हिंडायची आणि तिथल्या निळ्या पाण्यात बुड्या मारायच्या, असं खूळ घेऊन आला होता. जोडीला माणूस हवा होता आणि अख्ख्या मूर्तिजापूर तालुक्यात खुशालरावाइतका पाण्याखाली टिकणारा दुसरा नव्हता. उद्याच्या गाडीची तिकिटं काढून झाली होती. शेतातल्या या विहिरीत एक बुडी नीट झाली की निघायचं, नाही झाली तर चिंतामण एकटा जाणार होता.

"पुन्हा सांगतो," चिंतामण म्हणाला. "खाली श्वास रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. वर येताना तर सोडतच यायचं. रोखलास तर तीच हवा आत फुगते आणि फुफ्फुस फाटतं. मग समुद्रात मी तुला वर आणीन, पण नुसतं शरीर आणीन."

"समजलं ना बे. किती डाव सांगशीन?"

काठावर खुशालरावाचे वडील, नत्थुजी, पितळी लोटा घेऊन बसले होते. टाकी, नळी, काचेचा मुखवटा, सगळं त्यांना थेर वाटत होतं. त्यांच्या घरची रीत सरळ होती. लांबच्या वाटेला निघणाऱ्यानं आधी घरच्या विहिरीच्या तळाचा लोटा काढून आणायचा आणि तोही दम न सोडता. खाली दम सोडला तर ती बुडी धरत नसत. घरातल्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर पंजा दाबून नत्थुजींनी हे शिकवलं होतं.

त्यांनी लोटा विहिरीत टाकला.

"जाय, आन. तुह्यं यंत्र घालून जाय, नाई तं उघडा जाय. आपल्याले लोट्याशी मतलब."

खुशालराव पायऱ्या उतरला आणि पाण्यात दिसेनासा झाला.

दुसऱ्या टाकीची हवा गळत होती. चिंतामण ती टाकी दुरुस्त करत पायरीवर बसला. "वहिनी, तुम्ही बुडबुड्यांवर नजर ठेवा. ते येताहेत तोवर त्याचा श्वास चालू आहे. थांबले की लगेच मला हाक मारा."

पाण्यावर बुडबुडे फुटत होते. लीलाबाईला बरं वाटलं. आजवर तो विहिरीत उतरला की ती वर बसून भीतीनं मरायची. आज पहिल्यांदा तिला त्याचा श्वास डोळ्यांनी दिसत होता. बेटं, समुद्र, बोट, सगळ्याची भीती थोडी कमी झाली.

मग बुडबुडे थांबले.

तिनं नत्थुजींकडे पाहिलं. त्यांचे गाल फुगलेले होते. खाली कुणी गेलं की म्हातारा वर बसून दम धरायचा, जुनी सवय. त्या गालांकडे पाहून तिला कळलं की खुशालरावाच्या हाती लोटा लागला आहे, चिंतामणचं सांगणं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं आहे आणि तो घरच्या रीतीनं दम धरून वर येतो आहे. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, तोच पाणी फाडून तो वर आला. लोटा डोक्यावर धरलेला.

"वा रे पठ्ठे!" नत्थुजींनी दम सोडला.

चिंतामण वळला. "सोडत आलास ना?"

"सोडतच आलो."

"वहिनी? बुडबुडे थांबले नाहीत ना?"

एक शब्द बोलली असती तर उद्याची गाडी चुकली असती. तिला तेच तर हवं होतं. पण सासरा लोटा धोतरानं पुसत होता, आणि नवरा तिच्याकडे बघत होता. लग्न झाल्यापासून त्यानं तिला कामं सांगितली होती, मागितलं कधी काही नव्हतं. आता मागत होता. तिनं पदर पुढे ओढला.

"नाई थांबले."

चिंतामण खूश झाला. खुशालराव पायरीवर टेकला, खोकला, आणि बाजूच्या दगडावर थुंकला. थुंकीत लालसर फेस होता.

"हे काय?" चिंतामणनं विचारलं.

"पान," खुशालराव तोंड पुसत म्हणाला. "उतरायच्या आधी खाल्लं व्हतं थोडसं."

"नको म्हटलं होतं ना मी!" चिंतामण करवादला आणि पुन्हा टाकीवर वाकला.

चंची लीलाबाईच्या मुठीत होती. सकाळी तिनं मारलेली गाठ तशीच होती. ती तिनं सोडली. पानाला चुना लावला. कात, सुपारी घालून तिनं घाईघाईनं विडा केला आणि चिंतामणनं मान वर करायच्या आत नवऱ्याच्या तोंडात कोंबला.

"चावा लवकर," ती पुटपुटली.

तो खाली मान घालून चावत राहिला. मग त्याला पुन्हा खोकला आला आणि तो त्याच दगडावर थुंकला. दगड लालभडक झाला. त्यात विड्याचं किती आणि त्याचं किती, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.