राखलेलं फूल

पाणथळ कुरणात रानव्हायोलेटचं एकच रोप उरलं होतं. त्याच्या जांभळ्या फुलानं बी धरेपर्यंत कुणाचा पाय पडू नये, म्हणून मृणालिनीनं भोवती दगड मांडले होते.

आज टेकडी चढताच तिला कुरण दिसलं. शेळ्यांचा कळप थेट तिकडेच निघाला होता. ती धावत सुटली.

पण राखणाऱ्या म्हातारीनं काठी आडवी घालून शेळ्या वळवल्या. दगडांना शेंदूर फासलेला होता.

"पोरी, चपला काढ. देव प्रगटलाय हितं."

मृणालिनीचा जीव भांड्यात पडला. देवाच्या धाकानं का होईना, फूल वाचलं! ती चपला काढू लागली.

"पूजेचं फूलबी देवानं शेजारीच उगवलंय बघ," म्हणत म्हातारीनं ते खुडलं आणि भक्तिभावानं दगडावर वाहिलं.