डोकं शांत ठेव

काउंटीच्या तिरंदाजी निवडचाचणीतही आश्लेषाचे बाण मधल्या पिवळ्या वर्तुळाबाहेरच गेले आणि तिची निवड हुकली. मिल्टन कीन्सला परतताना गाडीत सुचेताला गप्प बसवेना.

"किती वेळा सांगितलं तुला, बाण सोडताना डोकं शांत हवं! चांगल्या तिरंदाजांच्या मेंदूतला बोलणारा भाग तेव्हा गप्प होतो. तो रिसर्च वाचूनसुद्धा दाखवला होता मी."

"तेच तर, आई! त्याआधी मी नुसती मारायचे. आता डोकं शांत झालंय का, ते प्रत्येक वेळी चेक करत बसते."

"कारणं सांगू नकोस."

"बरं, मग तू सांग. हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या शिरेत सुई घालतेस, तेव्हा नक्की काय करतेस?"

"करायचंय काय त्यात? इतक्या वर्षांची सवय आहे. हात आपोआप जातो."

"हो, पण कसा?"

सुचेताने सुई धरल्यासारखी बोटं हवेतच जुळवून पाहिली.

सोमवारी पेशंटच्या हातावर तिसऱ्यांदा कापूस दाबत नर्सने हळूच विचारलं, "डॉक्टर, आज लक्ष कुठे आहे तुमचं?"

सुचेताचं सगळं लक्ष सुईवरच होतं.