वाइंडिंगवाली

विमानतळावरच्या तपासणीत कुणीतरी कळसूत्री बाहुलीचे चार दोरे कापले होते. श्रीपादने तिसऱ्यांदा गाठ मारली. ती जाड झाली आणि हातातल्या लाकडी पट्टीच्या भोकात अडकली.

बंद मिलच्या फाटकापाशी, दरबानाच्या रिकाम्या खोलीत तो बसला होता. बाहेर सतरंजीवर जुने कामगार जमले होते. मिल बंद पडली तेव्हा तोही त्यांच्यातलाच होता. मग बाहुल्या घेऊन देशोदेशी फिरला. ही बाहुली पाहून पोलंडमध्ये लोक रडले होते, जपानमध्ये उठून उभे राहिले होते. आज मात्र समोर त्याचीच माणसं होती. 'आमचंच सोंग विकून आला,' असं बाहेरच्यांपैकी एकाने जरी म्हटलं, तर ही बाहुली पुन्हा उचलायची नाही, असं त्याने ठरवलं होतं.

भानुमतीबाई आत आल्या. मिलच्या वाइंडिंग खात्यात वीस वर्षं, रोज आठ तास उभ्याने तुटलेलं सूत जोडत आलेली बाई.

"सरक भिया. पूरी दुनिया फिरलास, अन् गाठ नाही येत तुला."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि दोऱ्याची टोकं बोटांत धरली. मोहरीएवढ्या चार गाठी पडल्या. उरलेली टोकं त्यांनी दातांनी तोडली. दोरा भोकातून सहज सरकला.

मग त्यांनी बाहुली उचलून पाहिली. खोचलेला जांभळा पदर, केसांत अडकलेला कापूस.

"कोण रे ही?"

"वाइंडिंगवाली."

"चष्मा नाही हिला."

"तेव्हा तुम्हाला नव्हता, मावशी."

श्रीपाद पुसलेली पट्टी पुन्हा पुसत राहिला.

"किती मुलकांत फिरवलंस मला?"

"सात."

"अन् मी उज्जैनच्या पुढे नाही गेले कधी." त्यांनी बाहुलीच्या केसांतला कापूस नीट बसवला. "लुगडं छान दिलंस. माझं इतकं चांगलं नव्हतं."

बाहेर जाऊन त्या सगळ्यांच्या पुढे बसल्या.

खोलीच्या दारात लावलेला पडदा सरला. श्रीपादने पट्टी उचलली. बाहुलीचा हात वर गेला, तुटलेलं सूत शोधू लागला. सतरंजीवर कुणी हललं नाही.

मग पुढून आवाज आला, "आरामात चालव रे. आठ घंटे उभं राहायचंय तिला."