मेल्विनची पिशवी

सेराफिनाचा फायदा सरळ होता. चर्चच्या सणाला तिकिटावरचे आकडे खोडण्याची हाउजी खेळली जाई, तेव्हा मेल्विन कापडी पिशवीतून गोट्या काढून आकडे पुकारी, आणि अठ्ठ्याऐंशी आला की इंग्रजी 88 च्या गुबगुबीत आकारावरून ‘दोन जाड्या बायका!’ असं ओरडत नेमका तिच्या बाकाकडे बघे. आकडे कॉम्प्युटरने काढले तर माइक तिच्या हातात येणार होता. एवढ्यासाठी साठीला टेकलेली ही बाई यूट्यूब बघून प्रोग्रामिंग शिकली.

मरोळ गावठाणातला हॉल खचाखच भरला होता. फादरनी बजावलं होतं, "एकच डाव, सेराफिना. अडलं तर कायमची पिशवी." मेल्विन ती पिशवी छातीशी धरून स्टेजखालीच उभा होता.

तिने बटण दाबलं. पडद्यावर एक्केचाळीस उमटला.

"एक्केचाळीस!" ती ओरडली. आपण लिहिलेल्या चार ओळींचं अख्खं गावठाण ऐकतंय! सात. साठ. अठ्ठ्याऐंशी. हा तिने नुसता आकडाच पुकारला, मान ताठ ठेवून. पेन्सिली भराभर चालत होत्या. आणखी दहा-पंधरा आकडे झाले, आणि पडद्यावर पुन्हा अठ्ठ्याऐंशी!

हॉल खो खो हसला.

"जाड्या बायका परत आल्या गं!" मेल्विनला चेव चढला.

"सेरा, घरी तर बरोबर येत होतं," पहिल्या रांगेतून तिचा नवरा हर्बर्ट कळवळला. घरी दोघांनी पाच-सात आकडे काढून पाहिले होते आणि खुशीत जेवायला बसले होते.

"अगं, तुझ्या डब्यापेक्षा माझ्या पिशवीला अक्कल जास्त," मेल्विन म्हणाला. "काढलेली गोटी मी टेबलावर ठेवतो. परत आत टाकत नाही!"

सेराफिनाचा हात हवेतच थांबला.

"काय म्हणालास? परत बोल."

"गोटी परत आत टाकत नाही, म्हटलं."

"आणि माझा डबा टाकतोय! टाकतोय ना रे! फादर, पाच मिनिटं!"

फादरनी घड्याळ बघून मान हलवली, आणि ती कीबोर्डवर वाकली. आकडा काढला की यादीतून कमी कर, एवढी एकच ओळ. घाईत कंस राहिला, पडद्यावर लाल अक्षरं आली. "गधडे," ती स्वतःलाच म्हणाली आणि कंस घातला.

डाव पहिल्यापासून सुरू झाला. आकड्यामागून आकडा, एकही परतला नाही. मागच्या बाकावरून तिकीट पूर्ण झालेल्या एका बाईची "हाउस!" अशी किंकाळी उठली तेव्हा त्या बाईच्या आधी सेराफिनाच नाचायला लागली.

"झकास!" फादर म्हणाले. "शिकवलं कोणी हे तुला?"

तिने माइक तोंडाशी धरला. "अर्धं यूट्यूबने. उरलेलं मेल्विनने, आत्ता, सगळ्यांसमोर."

हॉलभर टाळ्या पडल्या. मेल्विनलाही वाजवाव्या लागल्या, आणि त्यासाठी पिशवी खाली ठेवावी लागली.